मागनं

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर भराभर चालत होते आणि लाइट गेली. पुण्यात गुरुवार हा लाइट जायचाच वार, तरी दर गुरुवारी आपण नव्यानं चकित होतो. पट्टा थांबला, एसी गप्प झाला, समोरच्या आकड्यांच्या जागी नुसती काळी काच उरली. काच विझायच्या आत मी पाहिलं होतं: चार मिनिटं बावीस सेकंद.

आता ही चार मिनिटं बावीस सेकंद धरायची कशात? कार्डिओत धरली, तर आज कार्डिओ आधी झाला. वॉर्म-अपमध्ये धरली, तर कार्डिओ व्हायचाय आणि वजनं आधी. ज्यांनी पन्नाशीच्या तोंडावर जिम लावली आहे, त्यांना हा प्रश्न पोरकट वाटणार नाही.

आमच्याकडे दोन ट्रेनर आहेत. सकाळचा म्हणतो, आधी कार्डिओ. "मॅडम, अंग तापल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही." संध्याकाळचा म्हणतो, आधी वजनं. "पळून दमलात की फॉर्म बिघडतो, कंबर धरते, आणि मग माझ्या नावानं खडे फोडता." दोघंही पंचविशीतले, दोघांचेही दंड माझ्या मांडीएवढे, आणि दोघांची गाठ पडते ती फक्त पगाराच्या दिवशी. त्या दिवशी कुणी तत्त्वाचं बोलत नाही, त्यामुळे हा वाद मिटायची आशा नाही. मी महिनाभर सकाळी जाऊन पाहिलं, महिनाभर संध्याकाळी. सकाळच्या महिन्यात ट्रेडमिलवर पंचवीस मिनिटं घाम गाळून झाला, की डंबेलच्या रॅककडे बघून नुसता नमस्कार करावासा वाटायचा. संध्याकाळच्या महिन्यात वजनं व्हायची आणि ट्रेडमिलला मी, लांबच्या नातेवाइकाला सांगतो तसं, "एकदा सवडीनं येते हं" म्हणून घरी यायचे. तात्पर्य, जे दुसरं ठेवलं ते झालं नाही. दोन्ही महिने.

दुपारी तीनला दोघंही नसतात, म्हणून आता दुपारी जाते.

खरं तर जिमची हौस मला नाहीच. डॉक्टरबाईंनी हाडांची डेक्सा तपासणी करायला लावली आणि आकडा आला उणे १.८. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ ला हाडं ठिसूळ झाली असं म्हणतात, म्हणजे मी मधल्या स्टेशनवर, गाडी उताराला लागलेली. "चालता ते चांगलंच आहे," त्या म्हणाल्या, "पण वजन उचला. हाडाला भार लागतो. भार पडला नाही तर ते कशाला टिकेल?" हे मला पटलं. माणसांचंही मी असंच पाहिलंय, पण तो विषय वेगळा.

हा वाद आमच्या सोसायटीपुरता नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. रॉबर्ट हिक्सन नावाचा एक अमेरिकी संशोधक होता. गडी वजनं उचलणारा. तो सेंट लुईसला जॉन होलोझींच्या प्रयोगशाळेत दाखल झाला, आणि हे होलोझी रोज दुपारी पळायला जाणारे. साहेब पळतात म्हटल्यावर नवा माणूस काय करणार? तोही पळायला लागला. वजनं सोडली नव्हती, तरी कमावलेलं अंग उतरायला लागलं. तक्रार घेऊन गेला तर साहेब म्हणे म्हणाले, स्वतःची प्रयोगशाळा झाली की पहिलं काम यावरच कर. त्यानं केलं. १९८० साली ते छापून आलं. एका गटाला नुसती वजनं, दुसऱ्याला नुसतं सायकल आणि पळणं, तिसऱ्याला दोन्ही, असं दहा आठवडे. सहा-सात आठवडे दोन्हीवाले वजनवाल्यांच्या बरोबरीनं चढत गेले, मग त्यांची ताकद अडली, आणि शेवटी शेवटी तर उतरू लागली. दमसासाला मात्र काही झालं नाही. दोघांच्या भांडणात मार खाल्ला तो ताकदीनं एकटीनं.

मी हे वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. मग लक्षात आलं, की तो तिसरा गट आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलत होता आणि सहा दिवस दम काढत होता. मी आठवड्यातून तीनदा येते आणि त्यातला एक गुरुवार असतो. मी याची धास्ती घेणं म्हणजे खिशात दहाची नोट असताना इन्कम टॅक्सच्या धाडीला भिण्यासारखं. पुढच्या अभ्यासांचा सूर साधारण असा, की दोन्ही एकाच वेळी उरकायचं असेल तर वजनं आधी घेतल्यानं पायांच्या ताकदीला थोडा फायदा होतो. दमाला या क्रमाचं काही सोयरसुतक नाही. संध्याकाळच्याला मी हे सांगितलेलं नाही. फुगेल.

व्यायामाचा क्रम मी पहिल्यांदा पाहिला नाही, ऐकला. माझं आजोळ कोल्हापूरजवळचं, पंचगंगेच्या काठचं, आणि धाकटा मामा पैलवान. तालीम घराच्या पाठीमागेच. पोरींनी आत पाऊल टाकायचं नाही. आत मारुती होता आणि उघडे गडी होते. मनाई नेमकी कशामुळे ते कुणी कधी सांगितलं नाही. आता त्याच भागातल्या पोरी मातीत आणि मॅटवर लढतात, पण ही गोष्ट तेव्हाची. मी मागच्या झरोक्याखाली जळणाच्या ढिगावर बसायचे. झरोका डोक्याच्या दीड हात वर. दिसायचं काही नाही, ऐकू यायचं सगळं.

संध्याकाळी आधी खोऱ्यानं हौद्यातली माती उकरायचा आवाज. खस्स, खस्स. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मुरलेलं असायचं, त्याचा आंबूस गार वास झरोक्यातून खाली उतरायचा. मग जोर. दहा-बारा छात्या एका दमात खाली जाऊन वर यायच्या, तेव्हा लोहाराचा भाता चालल्यासारखं वाटायचं. मग बैठका, टाचा आपटत. मग कुणीतरी शड्डू ठोकायचा आणि वस्ताद ओरडायचे, "घे की खाली! बघतोस काय तोंडाकडं?" पळणं यात कुठंच नाही, कारण पळणं पहाटे. मामा अंधारात उसाच्या कडेनं नदीपर्यंत जायचा आणि उजाडताना परत यायचा. दोन्हींच्या मध्ये सबंध दिवस असायचा, जेवण आणि झोप असायची, म्हणून आधी काय नि मग काय हा प्रश्न त्या झरोक्यातून मला कधी ऐकू आला नाही.

पळण्याबद्दल मात्र घरात शंका होती. दिवाळीत गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हा मामा एकदा पहाटे चुलवाणाजवळ पोत्यावर झोपलेला सापडला. आजोबांनी तिथूनच त्याला पळवला, आणि त्या दिवशी तो खराखुरा नदीपर्यंत गेला असणार. त्याच्या खोलीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचा फोटो होता, रोज उदबत्ती. खासबागेत एकदा आपली कुस्ती लागावी, एवढीच इच्छा. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ पासून उभं आहे, तिथं हरलं तरी अंगाला चांगली माती लागते म्हणायचा. लागली कुस्ती. हरला.

क्रमाची खोड माझी जुनीच. पानातलं नावडतं आधी संपवायचं म्हणजे शेवटचा घास गोड होतो, हे मी चौथीत असताना शोधून काढलं. लग्न होऊन पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात कारल्याची भाजी घशाखाली घालवून मोकळी झाले. सासूबाईंना वाटलं, सुनेला कारलं फार आवडतं. गेली सव्वीस वर्षं मला कारलं दोनदा वाढलं जातंय. आता खरं सांगायची सोय राहिली नाही. त्यांच्याकडे पहिला वरण-भात, वर तूप, मग पोळी, मग पुन्हा भात, शेवटी ताक-भात. आमच्याकडे भाकरी मोडल्याशिवाय भाताकडं कुणी बघत नाही. सुरुवातीला मला पहिल्या भातानंच पोट भरल्यासारखं व्हायचं आणि पोळ्या राहायच्या. तिथंही तेच. दुसरं ते राहून जातं.

मध्यंतरी आमच्या ग्रुपवर एकीनं ते नेहमीचं पाठवलं, "आपल्या आज्या कुठे गेल्या होत्या जिमला?" सोबत डोक्यावर तीन हंडे घेतलेल्या बाईचं चित्र. खाली बत्तीस जणींचे हात जोडलेले. मला या वाक्याची चीड येते. माझी आजी नदीवरून पाणी आणायची, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, आणि नदीचा तो चढ. भार आणि दम एकाच वेळी, आधी-नंतरची भानगडच नाही. माझ्या दोन्ही ट्रेनरांनी कबूल करावा असा व्यायाम. आणि साठीच्या आत तिची पाठ वाकली. पुढं पुढं ती चालताना फक्त जमिनीशी बोलते आहे असं वाटायचं.

डॉक्टरबाईंना मी हे विचारलं. तुम्ही म्हणता भार पडला की हाड टिकतं, मग आजीचं का टिकलं नाही? त्या प्रिस्क्रिप्शन लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हाडात भरायला पोटात काही जायला नको का? काय खायच्या?"

दोन म्हशी होत्या घरात. सकाळची धार डेअरीला जायची, संध्याकाळची घरात राहायची. त्यातलं आधी मामाचं. दोन लिटर आटवून, भिजवलेले बदाम वाटून, खसखस, वर तुपाची धार. पैलवानाच्या खुराकाला नाही म्हणायचं नसतं. मग आजोबांचा चहा. मग आम्हा पोरांचे पेले. "आजी, तुला?" म्हटलं की ती म्हणायची, "मी पितो मागनं." आमच्याकडं बायकाही पितो, खातो, जातो असंच म्हणतात.

मागनं म्हणजे काय, ते मी एकदा पाहिलं. पाणी प्यायला म्हणून उठले होते. मामाचं दूध आटवलेलं पातेलं चुलीजवळ होतं. कडेची खरवड तिनं सराट्यानं सोडवून एका वाटीत काढली आणि वाटीवर ताटली झाकली. सकाळी ती आम्हाला मिळायची. मग पातेल्यात तांब्यातलं पाणी ओतलं, पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल गोल हलवलं, चारी बाजूंना पाणी फिरेल असं, अगदी मन लावून. पांढुरकं झालेलं ते पाणी तिनं उभ्यानंच पातेल्याला तोंड लावून प्यायलं आणि पातेलं घासायच्या भांड्यांत ठेवलं. मी दिसल्यावर म्हणाली, "झोपली न्हाईस व्हय अजून?"

आईकडे आजी-आजोबांचा एक फोटो आहे, कोल्हापुरातल्या स्टुडिओत काढलेला. मागं पडद्यावर राजवाड्याचा जिना रंगवलाय. दोघं उभी, दोघांचीही नजर फोटोग्राफरनं सांगितलेल्या ठिकाणी. त्यात आजीचं डोकं आजोबांच्या कानापर्यंत येतं. ती गेली त्या वर्षी मी नववीत होते आणि ती माझ्या खांद्याला लागत होती. मला वाटायचं, मीच उंच झालेय.

लाइट पावणेचारला आली. एसीनं घसा खाकरला, ट्रेडमिलची काच उजळली आणि शून्य मिनिटं शून्य सेकंद दाखवायला लागली; माझी चार मिनिटं बावीस सेकंद कुठंच जमा झाली नव्हती. मी बाकावर बसले होते, पाच-पाच किलोचे दोन डंबेल पायाशी काढून ठेवलेले. चारला ऑफिसचा कॉल होता. एक सेट होण्याइतका वेळ होता, किंवा दहा मिनिटं चालण्याइतका.

डंबेल परत रॅकवर ठेवायचे तरी उचलावे लागतातच. तेवढे उचलले.