काकूंच्या वहीतला बर्फ

मी फ्रिज दुरुस्त करतो. आइस मेकरची, म्हणजे फ्रीजरमध्ये आपोआप बर्फाचे खडे पाडणाऱ्या मशिनची, कम्प्लेंट माझ्याकडे वर्षाला जेमतेम चार-पाच वेळा येते. बाकी रोजचं तेच: कूलिंग नाही, गॅस गेलाय, दाराचं रबर फाटलंय. त्यामुळे एप्रिलमध्ये वाकडच्या एका सोसायटीतून फोन आला, "साइड बाय साइड फ्रिज आहे, बर्फ पडत नाही," तेव्हा मी मनात म्हटलं, शनिवारची पार्टी दिसतेय.

दार उघडलं ते पासष्टीच्या पुढच्या काकूंनी. आत पलंगावर काका. हातावर पट्टी, नुकतेच डायलिसिसहून आलेले. डॉक्टरांनी पाण्याला दिवसाला एक लिटरचं बंधन घातलेलं, त्यात चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं आलं.

"घोटभर पाणी एका क्षणात संपतं हो," काकू म्हणाल्या. "तेवढाच बर्फ दहा मिनिटं तोंडात राहतो."

मी म्हटलं, काकू, मग साधा ट्रे लावा ना. त्यांनी ओट्यावरून एक शंभर पानी वही आणली. "ट्रेमध्ये एका कप्प्यात पाणी जास्त, एकात कमी. मशिनचा खडा एका मापाचा. पाच खडे वितळवून मोजलेत मी, साठ मिली. पण दादा, मार्चपासून खडे बारीक व्हायला लागले. पाचात चाळीसच मिली. मग आतून पोकळ यायला लागले. मग बंदच पडलं."

मी "हो, हो" म्हटलं आणि पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

प्लग काढला, पाण्याचा कॉक बंद केला, बर्फाची बादली बाहेर घेतली. आइस मेकर फ्रीजरच्या भिंतीला तीन स्क्रूंवर लटकलेला असतो. वरचे दोन ढिले करायचे, खालचा पूर्ण काढायचा, युनिट वर उचलून घ्यायचं आणि मागची वायरची क्लिप सोडायची. खडे ढकलून पाडणारी प्लॅस्टिकची बोटं बर्फात रुतून बसली होती. टेबलावर कव्हर उघडलं तर मोटरच्या गिअरचे तीन दात गायब, आतल्या ग्रीसमध्ये त्यांचा पांढरा भुगा. चूक सापडली म्हणून मी खूश. दोन दिवसांनी पार्ट आला, बसवला, लेव्हल धरली, स्क्रू आवळले. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्या, पूर्ण वेगात यायला चोवीस तास लागतील, हे सांगितलं. पैसे घेतले आणि निघालो. बोटं बर्फात का रुतली, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

पाचव्या दिवशी फोन. "दादा, पुन्हा बंद." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

गेलो. नवा आइस मेकर ठणठणीत, टेस्टचं बटण दाबल्यावर बोटं गर्रकन फिरली. पण साचा कोरडा. मागच्या भिंतीतून पाणी आणणारी नळी असते, तिच्यात बोट घातलं तर गच्च. अशा वेळी कुणी कुणी पेचकसाने टोचतात. नळी प्लॅस्टिकची, थंडीने कडक झालेली, तडकली की काम दुप्पट. मी काकूंकडे मोठी सिरिंज मागितली. त्या घरात सिरिंजला काय तोटा! कोमट पाणी थोडं थोडं सोडत राहिलो, खाली फडकं धरून. दहा-बारा मिनिटांनी आतून बर्फाची कांडी सुटून हातात आली. बोटभर लांब, गोल, टोकाला निमुळती. थेट मटका कुल्फी. काका पलंगावरून म्हणाले, "ती माझ्या हिशेबात धरू नका."

ती कांडी हातात वितळत होती आणि मला वहीतले ते चाळीस मिली आठवले. नळी गोठली ती एकदम वाहून आलेल्या पाण्याने नाही, थेंब थेंब गळून. आणि खडे बारीक झाले ते पाणी कमी येत होतं म्हणून. दोन्हींचं कारण एकच असू शकतं: प्रेशर. फ्रिजच्या मागचा व्हॉल्व्ह ठरावीक सेकंदच उघडतो. प्रेशर कमी असेल तर तेवढ्या सेकंदांत पाणी कमी भरतं. आणि बंद होताना त्याचा पडदा घट्ट बसायला पाण्याचाच दाब लागतो. दाब साधारण वीस पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) खाली गेला की व्हॉल्व्ह अर्धवट मिटतो आणि ठिबकत राहतो. तेच थेंब बोटांवर गोठले, मोटर अडली, गिअरचे दात गेले. मी बदलला तो पार्ट खराब होताच, पण तो मेला होता दुसऱ्याच कुणामुळे.

फ्रिजची लाइन सिंकखालच्या आरओच्या टाकीवरून घेतलेली होती. टाकी हलवून पाहिली तर जड, पाण्याने भरलेली, तरी नळाला धार करंगळीएवढी. या टाकीच्या आत रबरी फुगा असतो आणि फुग्याबाहेरची हवा पाण्याला ढकलते. बुडाशी निळी टोपी असते, तिच्या आत अगदी स्कूटरच्या ट्यूबचा असतो तसला व्हॉल्व्ह. पिन दाबली. पाणी आलं असतं तर फुगा फाटला, टाकी बाद. पाणी नाही आलं, हवाही जेमतेम फुस्स झाली.

खाली जाऊन गाडीतला फूट पंप आणला. काकूंना वाटलं असेल, हा आता चाकाला हवा भरायला निघाला. टाकी पूर्ण रिकामी केली, सात पीएसआय हवा भरली आणि पाणी चढू दिलं. पाणी चढेल तशी हवा दबते आणि दाब वाढत जातो. दोनेक तासांनी नळाची धार सिंकच्या तळावर आपटायला लागली. मग फ्रिजमागची नळी सोडून काकूंचा मापाचा कप खाली धरला आणि टेस्टचं बटण दाबलं. आठ खड्यांचं पाणी, शंभराच्या रेघेत थोडं कमी. व्हॉल्व्ह मिटल्यावर मी पाच मिनिटं कपाकडे बघत बसलो. एक थेंब नाही.

त्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. काकू पाकीट पुढे करत होत्या. मी म्हटलं, मार्चचं पान मला तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. जुना आइस मेकर मात्र बदलावाच लागला असता, तेवढं मी स्वतःला बजावलं. दात जाऊन भुगा झालेला गिअर हवेने काही परत येत नाही.

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. पलीकडे काकू. "पाच खडे, एकसष्ट मिली." मागून काकांचा आवाज आला, "त्या जास्तीच्या एका मिलीचं काय करायचं, विचार त्यांना."