खिडकीतली फुलं : श्रावणातली नोंद

खिडकीच्या उजेडासमोर फूल धरून फोटो काढायचा, एवढाच खटाटोप; पण जूनपासून माझी सगळी झटापट खिडकीच्या गजांशी चालली होती. लेन्सचं छिद्र कितीही मोठं ठेवा, फुलामागे करडे पट्टे उमटायचेच. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून ट्रेसिंग पेपर आणला आणि गजांच्या अलीकडे सेलोटेपने चिकटवला. प्रश्न मिटला. (कॅमेऱ्यातून घेतलेली आणि आजवर टिकलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह खिडकीचीच आहे, ऑगस्ट १८३५ची, इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबीतली. ती काढणाऱ्या टॅल्बॉटने त्यात काचेचे दोनशेक चौकोन भिंगातून मोजता येतात म्हणून कौतुकाने लिहून ठेवलंय. मी मात्र गज पुसण्यात दोन महिने घालवले!)

आमच्याकडे फुलांचा पहिला मान देवघराचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी सहालाच परडी भरतात. लाल जास्वंदी सगळ्या गणपतीच्या; अगदी अजिजीने मागितल्यावर एक मिळते. तीही संध्याकाळी मिटणारच, पाण्यात ठेवा नाहीतर नुसती टेबलावर. म्हणजे हातात एक फूल आणि एकच दिवस.

पहिल्या दिवशी ते फूल कागदाला जवळजवळ टेकवूनच ठेवलं. पाकळ्या दिव्यासारख्या उजळल्या. कॅमेरा पांढरा कागद करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, पावणेदोन स्टॉप वाढवलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसला. संगणकावर उघडला तर पाकळ्यांच्या जागी सपाट लाल डाग, एक शीर दिसेना. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, अगदी शहाण्यासारखा दिसत होता. तिन्ही रंग वेगळे करून पाहिल्यावर कळलं की एकटा लाल उजव्या भिंतीला जाऊन आपटलाय. एक्स्पोजर कमी केलं तर शिरा येतात, पण कागद मळकट होतो. या दोघांत मी तीन जास्वंदी, म्हणजे तीन दिवस खर्ची घातले.

तोडगा कॅमेऱ्यात नव्हताच. फुलाची बाटली खिडकीपासून दीड फूट मागे सरकवली, बस्स. फूल मागे आलं की त्याच्यावर पडणारा उजेड घटतो, पण कागद लेन्सला तेवढाच पांढरा दिसत राहतो. लाल ताब्यात आला, शिरा आल्या आणि कागदावरच्या सुरकुत्याही धूसर होऊन नाहीशा झाल्या. आता समोरून मात्र फूल काळवंडलं. त्यासाठी आधी स्टीलचं ताट धरून पाहिलं. पाकळीवर चमचमते ठिपके आले. पांढरा कार्डशीट बरा.

आता प्रत्येक फुलाचं अंतर वहीत लिहिते. गोकर्णाची पाकळी पातळ, पण रंग गडद. ती कागदाजवळच खुलते, वीतभर अंतर पुरतं. झेंडूतून उजेड आरपार जातच नाही, त्याला खिडकीसमोर ठेवणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. तो बाजूच्या उजेडातच घ्यावा.

सोनटक्क्याने सगळ्यात जास्त दमवलं. पांढऱ्यावर पांढरं, पाकळीची कड कुठे संपते तेच कळेना. चौकटीबाहेरची सगळी खिडकी काळ्या चार्ट पेपरने झाकली, तेव्हा लेन्समध्ये शिरणारा फालतू उजेड थांबला आणि कडांना बारीक करडी रेघ आली. एक्स्पोजरही पाऊण स्टॉपच वाढवलं. कागद शुभ्र न राहता दुधी झाला, मला तो जास्त आवडला. वास मात्र खोलीभर. आईंनी दारातूनच विचारलं, "देवाला वाहायच्या आधी हुंगलं नाहीस ना?"

बाकी मांडणी तीच: ट्रायपॉड, १०० मिमीची मॅक्रो (जवळून फोटो घेणारी लेन्स), छिद्र एफ/८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, ढगाळ दुपारी १/१० सेकंदाच्या आसपास, २ सेकंदांचा टायमर. एफ/२२, म्हणजे अगदी बारीक छिद्र, एकदा वापरून पाहिलं. सगळंच मऊ पडलं, त्यापेक्षा फोकस सरकवत १४ फोटो घेऊन जोडलेले बरे. पंखा आणि ट्यूबलाइट दोन्ही बंद. पंख्याचं कारण उघड आहे. ट्यूबमुळे पाकळीची पुढची बाजू हिरवट होते. आणि फूल आधी हलकेच झटकून घ्यावं. माझ्या एका जोडलेल्या फोटोत एकच मुंगी सात ठिकाणी आहे.

पुढच्या आठवड्यात कर्दळ. तिला आमच्या देवघरात मागणी नाही, त्यामुळे अख्खा तुरा माझा.