९४ मिलिमीटर

आज सकाळी घरच्या रंगीत लेसर प्रिंटरवर मुलीच्या प्रकल्पाची वीस पाने छापली आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे तीन गुलाबी ठिपके उमटले. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकवल्यानंतर लाभलेल्या तरुणाने अतिशय अदबीने संगणकातला ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायला सांगितले. प्रिंटरच्याच पॅनेलवरून काढलेल्या टेस्ट पेजवरही तेच ठिपके आहेत, म्हणजे संगणकाचा यात संबंध नाही, हे मी दोनदा समजावले, तरी त्याच्यासमोरच्या यादीत ती पायरी ओलांडण्याची सोय नसावी.

शेवटी मी पट्टी घेतली. ठिपक्यांमधले अंतर सगळीकडे ९४ मिलिमीटर भरले. आतल्या एखाद्या रोलरवर ओरखडा पडला की त्याच्या प्रत्येक फेऱ्याला कागदावर एक खूण उमटते, त्यामुळे दोन खुणांमधले अंतर म्हणजे त्याचा परीघ, त्याला ३.१४ ने भागले की व्यास ३० मिलिमीटर येतो, आणि माझ्या प्रिंटरमधल्या ड्रमचा, म्हणजे ज्यावर रंगाची प्रतिमा तयार होते त्या रोलरचा, व्यास नेमका तेवढाच आहे. सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा व काळा या रंगांचे ड्रम वेगवेगळे असल्याने आणि ठिपके गुलाबी असल्याने गुन्हेगार मॅजेंटाचा ड्रम हे उघडच होते.

हा हिशेब ऐकून पलीकडे थोडी शांतता पसरली. मग “सर, वरिष्ठांना विचारतो,” असे उत्तर आले. तंत्रज्ञ परवा येणार आहे. ड्रम वॉरंटीत बसत नाही, हे मात्र त्यांनी न विचारता सांगितले.