केबल बिचारी ठीक असते

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा, म्हणजे टीआयचा, जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर नव्या कॉम्प्युटरला कसा जोडायचा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुन्या बाजारात कुणाला टीआय-८९ सापडतो, कुणाचा भाऊ अमेरिकेहून टीआय-८३ प्लस घेऊन परततो, आणि मग मला फोन येतो: ‘‘नवा लॅपटॉप ह्याला ओळखतच नाही हो. पुण्याच्या तपकीर गल्लीत दुसरी केबल मिळेल का?’’ मिळेल असं वाटत नाही, आणि बहुतेक वेळा गरजही नसते.

या दोन्ही मॉडेल्सना यूएसबी पोर्टच नाही. असतो तो अडीच मिलिमीटरचा जॅक. मध्ये सिल्व्हरलिंक नावाची केबल लागते आणि तिला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ती ओळखायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, लागतो. घोडं अडतं ते तिथे. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासूनच डिजिटल सही नसलेला कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) आत घेत नाही. विंडोज १०च्या २०१६मधल्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. विंडोज ११मध्ये मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असेल, तर सहीवाला जुना ड्रायव्हरसुद्धा अडकू शकतो.

‘सही तपासणंच बंद करा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. स्टार्टअपच्या मेनूतून ते होतंही, पण पुढच्या रीस्टार्टला तपासणी पुन्हा सुरू. शिवाय एका कॅल्क्युलेटरसाठी वाड्याची दिंडी सताड उघडी ठेवायची कशाला?

मी झॅडिग हा ड्रायव्हर बदलून देणारा प्रोग्राम वापरतो. सगळी उपकरणं दाखवायला सांगायचं, ०४५१ आणि ई००१ हे सिल्व्हरलिंकचे ओळख-आकडे असलेलं शोधायचं आणि त्यावर लिबयूएसबी-विन३२ हा ड्रायव्हर बसवायचा. आकडे दोनदा वाचा. भलत्याच ओळीवर क्लिक केलंत तर माऊस जायचा. मग कॅल्क्युलेटरशी फायलींची देवाणघेवाण करणारा टिल्प हा मोफत प्रोग्राम उघडायचा. एक मात्र आहे: यानंतर टीआयच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरला केबल दिसत नाही. दोन्ही हवं असेल तर ड्रायव्हर आलटूनपालटून बदलत बसा.

लिनक्सवर फक्त परवानगीचा प्रश्न, यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणारा भाग) एक नियम लिहिला की झालं. मॅकवर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्राम चालत नाहीत, त्यामुळे तिथलं जुनं सॉफ्टवेअर विसरा.

हे सगळं सिल्व्हरलिंकचं. जुन्या सिरियल पोर्टात लागणारी टीआयची काळी केबल असेल तर यूएसबी कन्व्हर्टरवर पैसे घालू नका. ती केबल पोर्टच्या तारा थेट वरखाली करून बिट पाठवते, कन्व्हर्टरला तो वेग सांभाळता येत नाही. खरा सिरियल पोर्ट असलेला पीसीच हवा. तुमच्या माळ्यावर असला तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा.