घरामागच्या उताराला वाळा (खस गवत) लावला, पण रोपं मिळवताना डोकं फिरलं

आमचं घर बेळगाव-खानापूर बाजूला, मागं तांबड्या मातीचा उतार. दर पावसाळ्यात माती गटारीत. गवंडी म्हणायला दगडी पिचिंग करा, लँडस्केपवाला म्हणायला मेक्सिकन लॉन टाकू आणि वर शोला फाउंटन ग्रास लावू. लॉनला एप्रिल-मेमध्ये पाणी कुठनं आणायचं? राकसकोप धरणाचं पाणी प्यायला पुरलं तरी पुष्कळ. आणि फाउंटन ग्रासचं बी वाऱ्यानं उडतं, मागच्या माळावर पसरलं तर आवरणार कोण? म्हणून वाळाच लावायचा ठरवला.

इथनं पुढं खरी कटकट. एका सरकारी नर्सरीत वाळा आहे असं कळलं म्हणून गेलो. फॉर्म सगळा कन्नडात, तो तिथल्या एका पोरानं भरून दिला, चांगला होता बिचारा. मग काऊंटरवर म्हणाले पहाणी, म्हणजे इथला सातबारा, जोडा. अहो, माझा एनए (बिगरशेती) प्लॉट, त्याची पहाणी कुठली निघणार? मग म्हणे फ्रूट्स आयडी द्या. ती शेतकऱ्यांची नोंदणी, शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरवर होते, म्हणजे फिरून परत तिथंच! मी म्हटलं मला सबसिडी नको, पूर्ण रेटनं पैसे देतो, पावती करा. त्यावर "साहेब आले की विचारतो, नाळे बन्नी (उद्या या)." दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब मीटिंगला, त्यानंतर गेलो तर सर्व्हर डाऊन. आणि हे सगळं ऐकताना समोर शेडनेटखाली रोपं दिसायलेत, पिशव्या फाडून मुळं बाहेर आलेली, पानांची टोकं पिवळी पडलेली. मिरग निघून चाललेला, लागवडीचे दिवस हेच, आणि रोपं तिथंच सडायलेत. देत नसाल तर तसं लेखी द्या म्हटलं, तेही दिलं नाही. अजून आठवलं की डोकं तापतं. तुमच्याकडे पहाणी नसेल तर आधी फोनवर स्पष्ट विचारून घ्या, नुसत्या फेऱ्या मारू नका.

शेवटी बायकोच्या मामांना फोन केला, ते जांबोटीकडचे. "अरे मग सांगायचं न्हाई व्हय, बांधावर हाय की, पोतंभर घेऊन जा." एवढंच! संध्याकाळी पोतं दारात.

लागवड सोपी आहे. गड्डा कोयत्यानं फोडून दोन-तीन फुटव्यांची जुडी करायची, पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळं चार बोटं. जुड्यांत अंतर 10 ते 15 सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. ओळ उताराला आडवी आणि एका लेव्हलला पाहिजे, त्यासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल पाईप बेस्ट. सावलीत लावू नका, वाळ्याला ऊन लागतं. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन-चार मीटरसुद्धा, म्हणून माती धरतात आणि शेजारच्या झाडांना त्रास नाही. आपल्या दक्षिणेकडच्या लागवडीच्या वाळ्याचं बी सहसा रुजत नाही, त्यामुळं रानभर पसरायची भीती नाही. 1980 च्या दशकात जागतिक बँकेनं माती अडवायला वाळ्याचा प्रचार केला, पण म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून शेताच्या हद्दीला वाळा लावत आलेत.

सगळ्यात वरच्या कडेला गवती चहा लावलाय, दिसायला छान, चहालाही होतो.

या पावसात ओळीच्या वरच्या अंगाला माती साठून पायरीसारखी झालीय, गटारीत येणारं पाणी बरंच निवळ आहे, बघून लई बरं वाटतं.

एक सांगायचं राहिलं, पहिल्या वर्षी मधली जुडी मेली तर ती जागा लगेच भरा, नाहीतर पाणी तेवढ्याच फटीतनं जोरात घुसतं आणि तिथं घळ पडते. त्यासाठी थोड्या जुड्या बाजूला कुंडीत लावून ठेवा.