आमची वाटचाल : चिरलेल्या भाजीचा धंदा

चिरलेली भाजी कोण विकत घेणार, असं सगळे म्हणत होते तेव्हा आम्ही साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत भाड्याने शेड घेतली. भांडवल माझं आणि अण्णांचं. अण्णा कोरेगावकडचे बागायतदार. माल त्यांच्याच ओळखीने यायचा. त्यांचा दंडक एकच : फवारणी कधी झाली ते कळल्याशिवाय एकही क्रेट गाडीतून उतरवायचं नाही. फवारणी आणि तोडा यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते औषधाच्या लेबलवर छापलेलं असतं. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत मुरतं, ते कितीही धुतलं तरी निघत नाही. त्यावरून कितीतरी शेतकऱ्यांशी अण्णांचे खटके उडाले, पण त्यांनी माल परत पाठवला तो पाठवलाच.

सुरुवातीला बायका विळीवर चिरायच्या. नंतर पुण्याहून जुनं कटर आणलं. ते अजून चालू आहे आणि त्याच्या पात्याला धार मी स्वतः लावतो. बोथट पातं कोबी चिरत नाही, चेचतं. रस सुटतो, त्या रसावर जंतू पोसतात आणि दुसऱ्या दिवशी कडा तपकिरी पडतात. नव्याने धंद्यात येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मोठं मशीन नंतर घ्या, आधी पात्यांचे दोन जोड घ्या.

आता हायपोबद्दल, म्हणजे धुण्याच्या पाण्यात घालायच्या सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकाबद्दल, कारण आमच्यावर बालंट आलं ते त्याच्याचवरून.

एका टाकीत भाजीची माती धुऊन निघते, दुसऱ्या टाकीत हायपोचं थंड पाणी, शेवटी पिण्याच्या पाण्याने खळबळून पाणी झटकायच्या स्पिनरमध्ये. ५ टक्क्यांचा हायपो असेल तर लिटरला २ मिली, म्हणजे १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन). पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान हवा, वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखा. एका घाणेरड्या पानातले जंतू पाण्यावाटे सगळ्या घाण्याला लागू नयेत, हे हायपोचं मुख्य काम. भाजीवरचे जंतू त्याने कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. पाण्यात माती आणि रस वाढला की क्लोरीन त्यातच खर्च होतो, म्हणून क्लोरीन मोजायची पट्टी बुडवून पाहायची आणि पाणी बदलायचं. कॅन उन्हात राहिला तर हायपोचा जोर आपोआप उतरतो, तेव्हा लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका.

आमचा माल महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत आणि शहरातल्या दुकानांत बसला होता, तेव्हा आणखी एक जण या धंद्यात उतरला. पाकिटामागे दोन रुपये कमी. त्याच्याकडे सकाळी भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत तीच असायची, हे त्याच्याकडून आमच्याकडे आलेल्या बायकांनीच सांगितलं. भाव पाडून भागेना, तेव्हा मोबाइलवर आमच्या पाकिटाचा फोटो फिरू लागला : ही भाजी औषधात बुडवतात, हिरवा रंग मारतात. आठवड्याभरात निम्म्या दुकानांनी माल बंद केला. हॉटेलवाले फोन उचलेनात. बँकेचा हप्ता थकला, कोल्ड रूमचं वीजबिल थकलं, अण्णांनी ऊस गेल्यावर आलेले पैसे पगाराला दिले. ज्याने कधी टाकीचं पाणी बदललं नाही त्याने आमच्या पाण्यावर बोट ठेवावं, हा राग आजही गेलेला नाही.

मी कापूस आणि लिक्विड पॅराफिनची बाटली घेऊन दुकानोदुकानी फिरलो. पॅराफिनमध्ये भिजवलेला बोळा भेंडीवर, मिरचीवर घासायचा. मॅलाकाइट ग्रीन हा खाण्यात न चालणारा हिरवा रंग मारलेला असेल तर बोळा हिरवा होतो. ही तपासणी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेच सांगितलेली आहे, कुणीही घरी करावी. गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावर बोळे घासले, पांढरेच्या पांढरे राहिले. तरी बरेच जण म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात.

त्या काळात एक ऑर्डर एकदाही चुकली नाही, ती राजवाड्याजवळच्या मेसवाल्या काकूंची. त्या थेट शेडमध्ये आल्या, केसांना टोपी घातली, चपला बदलल्या आणि टाकीजवळ उभ्या राहिल्या. मी पट्टी बुडवली. ती जांभळी झाली, डबीवरच्या रंगांशी त्यांनी स्वतः लावून पाहिली. शेवटच्या धुण्याचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. म्हणाल्या, "माझी पोरं हेच खातात, मी बघणारच. उद्यापासून गाजर जास्त पाठवा." हॉस्टेलच्या पोरांच्या पालकांनाही त्यांनीच समजावलं, आणि एकेक मेस परत आली.

त्यानंतर धंदा सुरळीत आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुकानदारांशी मात्र माझं भांडण चालूच आहे. आम्ही ५ अंशांच्या आत माल पोचवतो आणि काही जण रात्री चिलर बंद करतात. चिरलेल्या भाजीला साल उरलेली नसते, तिला थंडीचाच आधार. थंडीनेही सगळं थांबत नाही. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो, म्हणूनच तारीख उलटली की पाकीट टाकून द्यायचं. अमेरिकेत २००६ मध्ये पाकीटबंद पालकातून ई. कोलाय हा जंतू पसरला, तोही कारखान्यात धुतलेलाच माल होता. म्हणून आमच्या पाकिटावर 'शिजवूनच खा' असं मोठ्या अक्षरात असतं, कुणी कितीही नाक मुरडलं तरी.

घेताना पाकीट उलटं करा. तळाला पाणी सुटलंय, पाकीट फुगलंय, तर ठेवून द्या. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक नसेल तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. घरी नेल्यावर लगेच फ्रिजमध्ये टाका, आणि फोडलेलं पाकीट त्याच दिवशी संपवा.