ज्या भूमीला मृत म्हटले गेले

‘मिडनाइट ऑइल’ या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचे १९८६ सालचे ‘द डेड हार्ट’ हे गाणे मी गेला आठवडाभर पुन्हा पुन्हा ऐकत आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागाला गोऱ्यांनी ‘मृत हृदय’ म्हटले. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षे तेथील पाणवठे जपत आले, त्या आदिवासींसाठी मात्र ती भूमी कधीच मृत नव्हती, आणि हे गाणे तोच शब्द उचलून त्यांच्या बाजूने उभे राहते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू या पवित्र महाखडकाची मालकी तेथील अनांगू आदिवासींना परत मिळाली (लगेच ती जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारकडे गेली, हेही विसरू नये), त्या घटनेशी हे गाणे जोडलेले आहे. खाणकंपन्यांना, युरेनियम कंपन्यांना माणसांपेक्षा अधिक हक्क आहेत, असे ते आडपडदा न ठेवता सांगते, आणि त्याचे शब्दांविना येणारे सामूहिक सूर मला शब्दांइतकेच बोलके वाटतात.

१९८६ मध्येच ‘मिडनाइट ऑइल’ने बहुतांश आदिवासी कलावंतांच्या ‘वरुम्पी बँड’सोबत वाळवंटातील वस्त्यांचा दौरा केला. ‘मिडनाइट ऑइल’चे गायक पीटर गॅरेट पुढे ऑस्ट्रेलियाचे पर्यावरणमंत्री झाले आणि २००९ मध्ये त्यांनीच एका युरेनियम खाणीला मंजुरी दिली, याचे मला मनापासून दुःख होते. मे २०२० मध्ये ‘रिओ टिंटो’ या खाणकंपनीने लोहखनिजासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकन घळीतील प्राचीन गुहा सुरुंगांनी उडवल्या, तेथील मानवी वावराच्या खुणा ४६,००० वर्षांपूर्वीच्या होत्या.